आधी सातबाऱ्यावर नाव, मग हप्ता

प्रश्न : माझं वय ४१. आम्ही जिंतूर तालुक्यातल्या (जि. परभणी) एका खेड्यात राहतो. मालक गेल्या वर्षी भाद्रपदात हार्ट अटॅकने गेले. त्यांच्या नावावर सव्वातीन एकर कोरडवाहू जमीन आहे. भावाभावांची वाटणी २०१४ सालीच झालेली, फेरफारही (सातबाऱ्यावरची मालकीबदलाची नोंद) झालेला. मी सोयाबीन आणि तूर घेते. दोन मुली आहेत. थोरली बारावीला आहे, तिला अठरा पूर्ण झाली. धाकटी नववीला. सासूबाई माझ्याजवळच असतात. मालकांच्या नावाने पीएम किसानचा (केंद्राचा) आणि नमोचा (राज्याचा) हप्ता अजून येतो, पण एटीएम कार्ड दिरांकडे आहे. मी माझं नाव लावायचं काढलं की दीर म्हणतात, "नाव लावलं की हप्ता बंद पडेल, लाडक्या बहिणीचे पैसेही जातील. पोरींची नावं लागली तर उद्या जावई हिस्सा मागायला येतील. तुम्ही हक्कसोड करून द्या, मी बघतो सगळं." गावातला ऑनलाइनवाला नव्या नोंदणीचे दीड हजार मागतो. दोन हजारांत माझं खत येतं, म्हणून विचारते. हप्ता माझ्या नावावर होईल का? आणि आलेले पैसे सरकार परत मागेल का? थोरलीला बी.एस्सी. कृषी करायची आहे, पण घरातले लग्नाचं बघतात.
– एक शेतकरी भगिनी (नाव छापू नये ही विनंती)

ताई, हप्ता तुमच्या नावावर होईल. तशी सोय नियमातच आहे. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती हप्त्याची नाही, हक्कसोडीच्या त्या एका वाक्याची. म्हणून क्रम बदलून तिथूनच सुरुवात करते.

हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्याला सोडून दिल्याच्या कागदावर, सही करू नका. थोरलीलाही करू देऊ नका. तिला अठरा पूर्ण आहेत, म्हणजे तिची सही आता कायद्याने चालते आणि म्हणूनच ती कुणीतरी मागेल. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर, "नुसतं संमतीपत्र आहे" म्हणून पुढे केलेल्या कागदावरही नको. नोंदणीकृत हक्कसोड झाली की ती मोडायला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि तिथे वर्षं जातात. "आता माझ्या नावावर करा, नंतर मी परत करून देतो" असंही कुणी म्हणेल. ते परत येणं बक्षीसपत्राने किंवा खरेदीने असेल, वारसाने नाही, आणि तुमच्या हप्त्याच्या हिशेबातही तो फरक मोठा आहे. तो कसा, ते पुढे सांगते.

तुमच्या मालकांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने त्यांचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुली आणि आई. यातलं एक जरी माणूस हयात असलं तरी भावाचा त्या जमिनीवर वारस म्हणून हक्क येत नाही. वाटणी २०१४ मध्ये झाली, दिरांचा हिस्सा दिरांना मिळाला, तो विषय तिथेच संपला. मुलींचा हक्क तर २००५ च्या दुरुस्तीने मुलाच्या बरोबरीचा झाला आहे. धाकटी अज्ञान (अठरा वर्षांखालची) आहे, तिचा हिस्सा तर तुम्ही आई असूनही कोर्टाच्या परवानगीशिवाय कुणाला सोडून देऊ शकत नाही. जावई हिस्सा मागतील म्हणून मुलींची नावंच लावायची नाहीत, हा युक्तिवाद गावोगाव चालतो. पण हिस्सा जावयाचा नसतो, मुलीचा असतो. आणि लग्न होऊन ती परगावी गेली तरी तो तिचाच राहतो.

सासूबाईंचं नावही लागेल, हे तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे ऐनवेळी धक्का बसायला नको. त्या मालकांच्या आई, म्हणून त्याही वारस. यात वाईट वाटून घेऊ नका आणि त्यांचं नाव वगळायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. एक वारस लपवला म्हणून नोंद रद्द झाल्याची प्रकरणं कमी नाहीत. उलट त्यांना शेजारी बसवून सगळं समजावून सांगा. किसान योजनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. सासूबाई त्या व्याख्येत तुमच्या कुटुंबात येत नाहीत. त्यांच्या नावावर आधीपासून हप्ता चालू नसेल, तर सातबाऱ्यावर नाव लागल्यावर त्याही स्वतंत्र अर्ज करू शकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे कळलं की ते माणूस तुमच्या बाजूने उभं राहतं, आणि तुम्हाला आत्ता त्याची गरज आहे. पुढेमागे त्यांच्या पश्चात त्यांच्या हिश्शात दीर वारस होतील, तशाच तुमच्या दोन्ही मुलीही त्यांच्या वडिलांच्या जागी वारस होतील. म्हणजे दिरांचा हक्क कुणी नाकारत नाही. तो जिथे आहे तिथेच आहे, तुमच्या मालकांच्या सव्वातीन एकरात थेट नाही, एवढंच.

आता वारस नोंद. ग्रामपंचायतीतून मृत्यू दाखला काढा आणि त्याच्या पाचसहा प्रती करून ठेवा. पुढे जिथे जाल तिथे तोच मागतील. लाडकी बहीणच्या ई-केवायसीतही पती हयात नसलेल्या बायकांना हा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा लागला होता, तुमचा दिलेला नसेल तर विचारून घ्या. मग तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्या. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची वंशावळ, वारसांबाबतचं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र, सगळ्यांचे आधार आणि सातबारा-आठ अ (खात्याचा उतारा) जोडा. ई-हक्क पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. ऑनलाइन केला तर त्याचा क्रमांक जपून ठेवा, हाती दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तलाठी कार्यालयातून उठू नका.

अर्जाची खातरजमा झाली की तलाठी फेरफार धरतात, चावडीवर नोटीस लागते, संबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दिरांनी हरकत घेतली तर नोंद विवादग्रस्त म्हणून जाते आणि सुनावणी होते. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मृत्यू दाखला आणि नातं सिद्ध करणारे कागद तुमच्याकडे आहेत. निकाल विरुद्ध गेलाच, तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. वकिलाची गरज पडली तर जिंतूरच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्न कितीही असो, तिथे वकील मोफत मिळतो. हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नाही. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते.

कायद्यात ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तुम्हाला त्याहून जास्त दिवस झाले असतील, पण उशिराने हक्क बुडत नाही. २०२५ मध्ये सरकारने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली, ती याचसाठी. बुलढाण्यात सुरू झाली आणि पुढे सगळीकडे नेली. मेलेल्या माणसांची नावं सातबाऱ्यावर तशीच राहिलेली इतकी खाती होती की मोहीम काढावी लागली. यावरून तुमच्यासारख्या किती जणी असतील याची कल्पना करा. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज मालकांच्या नावावर असेल तर त्याचा बोजा सातबाऱ्यावर राहील, पण त्यामुळे वारस नोंद अडत नाही. तसं कुणी सांगितलं तर लेखी मागा.

फेरफाराचा मसुदा हातात आला की सही करण्यापूर्वी थोरलीला मोठ्याने वाचायला लावा. तीन गोष्टी बघा. फेरफाराचं कारण ‘वारस’ असंच लिहिलेलं हवं, हक्कसोड किंवा वाटणी नको. धाकटीच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता लिहितात, तिथे तुमचं नाव हवं, चुलत्यांचं नको. आणि कुठेही ‘ए.कु.मॅ.’ म्हणून दिरांचं नाव घुसू देऊ नका. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचंच नाव लावायची जुनी पद्धत होती. त्या तीन अक्षरांमुळे कितीतरी बायकांची आणि बहिणींची नावं दोन-दोन पिढ्या सातबाऱ्यावर आलीच नाहीत. चौथी गोष्ट साधी वाटते पण पुढे फार छळते. नावांचं शुद्धलेखन आधारशी जुळवून घ्या. आधारवर ‘सुमनबाई’ आणि सातबाऱ्यावर ‘सुमन’ एवढ्या फरकाने अर्ज अडकून पडतात.

आता पैशांचा हिशेब. तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळून १२,००० होतात, म्हणजे महिन्याला १,०००. तुम्हाला लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० मिळतात असं धरते. त्या योजनेचा नियम असा की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० पेक्षा कमी मिळत असतील तर फक्त फरक द्यायचा. म्हणजे शेतकरी म्हणून तुमच्या नावावर १२,००० सुरू झाले की लाडक्या बहिणीचे ५०० राहतील. आत्ता वर्षाचे १८,००० येतात, तेव्हाही १२,००० आणि ६,००० मिळून १८,०००च येतील. दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. लाडक्या बहिणीची रक्कम कमी होईल, पण घरात येणारा एकूण पैसा कमी होणार नाही. वाढणारही नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असं तुमच्या मनात येईल. मुळात हप्त्यासाठी करूच नका. सातबाऱ्यावर नाव नसेल तर बँक तुम्हाला पीककर्ज देत नाही. पीकविम्याचा अर्ज तुमच्या नावाने होत नाही. ई-पीक पाहणी मालकांच्याच खात्यावर होत राहते. हमीभावाने सोयाबीन घालायला नाफेडच्या केंद्रावर नोंदणी करायची तर सातबारा तुमचा लागतो. अतिवृष्टीचं अनुदान मयताच्या नावावर मंजूर होतं आणि यादीत तसंच अडकून पडतं. परभणीला पावसाने काय केलं ते तुम्ही भोगलं आहे, मी वेगळं सांगायला नको. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर तुषार संच, पेरणीयंत्र, शेततळं, काहीही मागायचं तर शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो सातबाऱ्यावरच्या माणसाला मिळतो. शेत तुम्ही कसता, खुरपता, काढणीला तुम्ही उभ्या राहता, आणि सरकारच्या लेखी तिथे शेतकरी म्हणून आजही तुमच्या मालकांचंच नाव आहे.

शिवाय लाडकी बहीण ६५ वर्षांपर्यंतच आहे आणि उत्पन्नाच्या अटीची. किसानच्या हप्त्याला वयाची वरची मर्यादा नाही. योजना बदलतात, यादीतून नावं गळतात. दोन ठिकाणाहून येणारा पैसा एका ठिकाणच्या पैशापेक्षा भरवशाचा, असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंत, दोन हजारांत खत येतं. डीएपीची पन्नास किलोची गोणी १,३५० ला, युरियाची पंचेचाळीस किलोची २६६ रुपये ५० पैशांना. एक डीएपी आणि दोन युरिया घेतले की १,८८३ झाले, तेही दुकानदाराने छापील दराने आणि लिंकिंगचं (खतासोबत सक्तीने दिलेलं) दुसरं काही गळ्यात न मारता दिलं तर. बियाणं, फवारणी, मळणी राहिलीच. केंद्राचा हप्ता २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हाही दोन हजारांचा होता आणि आजही तेवढाच आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याहून अन्यायाचं हे वाटतं की जमीन नावावर नसलेल्याला तोही नाही. बटईने (पिकाच्या वाट्यावर) करणारा, ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) करणारा, नवऱ्याच्या नावच्या रानात राबणारी बाई, यांच्यापर्यंत हा पैसा पोचतच नाही. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस कालिया योजना आणली तेव्हा त्यात भूमिहीन मजूर आणि बटईदारही धरले होते. आपल्याकडे ते झालं नाही. म्हणूनच तुमच्या बाबतीत सगळा जोर नावावर देते आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, आलेले पैसे परत मागतील का. हो, मागू शकतात. लाभार्थी गेल्यानंतर जमा झालेले हप्ते नियमाने परत करायचे असतात. ते पैसे दिरांचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुमचेही नाहीत. तुमचा हक्क तुमची नोंदणी मंजूर झाल्यापासून सुरू होतो. त्यामुळे मधल्या हप्त्यांची आशा धरू नका. जितके दिवस हे असंच चालेल तितकी परतफेडीची रक्कम वाढत जाईल, आणि उद्या नोटीस आली तर ती कार्ड वापरणाऱ्याच्या नावे येणार नाही, मालकांच्या वारसांच्या दारात येईल.

म्हणून वारस नोंदीचा अर्ज द्याल त्याच आठवड्यात दोन अर्ज आणखी द्या. एक बँकेत. मृत्यू दाखला जोडून खातेदार मयत असल्याचं कळवा, वारस म्हणून खात्यातली शिल्लक मिळण्याचा फॉर्म मागा आणि पासबुक भरून घ्या. बँकेने खातं थांबवलं की कार्ड आपोआप निरुपयोगी होतं, ते मागायला तुम्हाला दिरांच्या दारात जावं लागत नाही. पासबुकात कधी किती काढले ते दिसेल. तो कागद जपून ठेवा, पुढे वसुली निघाली तर तोच तुमची बाजू सांगेल. दुसरा अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, की लाभार्थी अमुक तारखेला मयत झाला, त्यांचा हप्ता थांबवावा आणि वारस म्हणून माझी नवी नोंदणी घ्यावी. त्याचीही पोच घ्या. स्वतःहून कळवलेल्या माणसाशी कार्यालय वेगळं वागतं.

दिरांचा हेतू वाईटच आहे असं मी एका पत्रावरून म्हणणार नाही. कदाचित ते पैसे त्यांनी तुमच्याच घरासाठी, सासूबाईंच्या औषधासाठी खर्च केले असतील. तसं असेल तर ते बसून बोलता येईल. पण कार्ड त्यांच्या खिशात आणि परतफेड तुमच्या डोक्यावर, ही व्यवस्था चालू ठेवण्यासारखी नाही.

नाव लागल्यावर नोंदणी. किसान योजनेत जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असावी लागते. त्यानंतर खरेदीने, बक्षिसाने, वाटणीने नावावर आली तर अर्ज अडतो. एकच अपवाद ठेवला आहे, जमीनधारकाच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन. फेरफारावर ‘वारस’ हा शब्द का हवा आणि हक्कसोडीचा फेरा का नको, ते आता लक्षात येईल. अर्जाला नवा सातबारा, आठ अ, तुमचा वारस फेरफार, मालकांच्या नावाचा २०१४ चा वाटणीचा फेरफार, मृत्यू दाखला, तुमचं आणि धाकटीचं आधार, रेशनकार्ड, एवढं जवळ ठेवा.

त्याआधी अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक काढा. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांना तो सक्तीचा आहे आणि किसानच्या नव्या नोंदणीलाही लागतो. तुमच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर कोणता आहे तेही तपासा. तो मालकांचा असेल आणि ते सिमकार्ड आता दुसऱ्याच कुणाकडे असेल, तर तुमचा प्रत्येक ओटीपी त्या दुसऱ्याच्या हातात जाणार. आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर लावून घ्या. पोस्टमनकडेही ही सोय असते. खुरपून, कापूस वेचून बोटांचे ठसे उमटत नसतील तर किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी होते, थोरली तिच्या मोबाइलवर करून देईल. बँक खात्याची मात्र तुम्हाला काळजी नाही. लाडक्या बहिणीचे पैसे ज्या खात्यात येतात ते आधारशी जोडलेलं आहेच, हे पैसेही तिथेच येतील. नमोसाठी वेगळा अर्ज करायचा नसतो. केंद्राच्या यादीत नाव पक्कं झालं की राज्याचा हप्ता त्यामागे येतो.

दीड हजार अजिबात देऊ नका. नोंदणी पोर्टलवर स्वतः करता येते, नाहीतर सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (आपण कृषी सहायक म्हणायचो ते) जा. वारस नोंदीलाही सरकारी फी नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. कुणी अधिकारी पैशासाठी नोंद अडवत असेल तर लाचलुचपत खात्याचा १०६४ नंबर आहे. किसानच्या तक्रारीसाठी १५५२६१. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची फाइल आली तर ती उघडू नका, तिने बँक खाती रिकामी होतात. चुकून उघडली गेली आणि पैसे गेले तर त्याच तासाला १९३० वर फोन करा.

आता तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. पत्र वाचताना मला सतत वाटत होतं की ही तुम्हाला आजवर कुणीच कशी सांगितली नाही. धाकटी अठरा वर्षांखालची आहे आणि तिचे वडील गेले आहेत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. वर्षाचे २७,०००. केंद्र आणि राज्याचे दोन्ही हप्ते मिळून होतात त्याच्या दुपटीहून जास्त. परभणीला जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, बाल संरक्षण कक्षात अर्ज मिळेल, पुढे बाल कल्याण समितीसमोर मुलीला घेऊन जावं लागतं. शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मृत्यू दाखला लागतो. पैसे दर महिन्याला वेळेवर पडत नाहीत, साचून येतात, हे ठाऊक असू द्या. पण अर्ज लवकर द्या. ती नववीत आहे, हाताशी तीन-चार वर्षंच आहेत.

दारिद्र्यरेषेच्या यादीत तुमचं कुटुंब असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून, कमावता माणूस साठीच्या आत गेल्यामुळे, एकदाच २०,००० मिळतात. तहसीलच्या संजय गांधी शाखेत लगेच विचारा. त्याच शाखेत विधवा म्हणून १,५०० चं अनुदानही आहे, पण त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं आणि ते घेतलं तर लाडकी बहीण मिळत नाही. खोटा उत्पन्न दाखला काढून त्यामागे लागू नका. पुढे थोरलीच्या शिष्यवृत्तीला तोच दाखला अंगाशी येईल.

थोरलीबद्दल तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत की तिला बी.एस्सी. कृषी करायची आहे आणि घरातले लग्नाचं बघतात. कृषी विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात, परभणीला आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, प्रवेश सरकारी फेरीतून झालेला असला म्हणजे. आणि कृषी पदवीच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या मुलामुलींना गुणांचा अधिभार मिळत आला आहे, त्याला पुरावा म्हणून सातबारा जोडतात. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत तुमचं नाव असलेला सातबारा तिच्या हातात हवा. तलाठ्याकडे जाल तेव्हा तिला सोबत न्या, आणि जातीचा, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला त्याच फेरीत तहसीलला टाकून या.